दहापट किंमत, पण आवाज किती पट?

प्रश्न : दादा, मी पाच वर्षं इलेक्ट्रिक गिटार वाजवते. माझी गिटार सुरुवातीच्या किमतीतली, फेंडरच्या स्ट्रॅटोकॅस्टर मॉडेलच्या घाटाची, इंडोनेशियात बनलेली आहे. आमच्या चौघांच्या बँडमधला दुसरा गिटारिस्ट एका नामांकित अमेरिकन कंपनीची गिटार वाजवतो. तिची किंमत माझ्या गिटारच्या जवळपास दहापट. तो म्हणतो, स्वस्त गिटारमधून खरा आवाज कधीच निघणार नाही, कारण तिच्या लाकडातच तो नसतो. मी बराच काळ पैसे साठवले आहेत, आता तशी गिटार घेऊ शकते. पण मध्यंतरी दोन्ही गिटारींचं रेकॉर्डिंग डोळे मिटून ऐकलं, तर मला कोणती कुठली ते ओळखता आलं नाही. दुसरीकडे, माझी गिटार बेंड घेतल्यावर (तार आडवी ताणून सूर चढवल्यावर) सूर सोडते आणि वरच्या फ्रेट्सवर (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) तारा झणझणतात, हेही खरं आहे. स्वस्त गिटार महागड्या गिटारची बरोबरी करू शकते का, की मी मनाची समजूत घालते आहे? आणि नवी घेतलीच, तर जुनीचं काय करू?

उत्तर :

तुझ्या कानांवर विश्वास ठेव. डोळे मिटून तुला जे ऐकू आलं नाही, ते बहुतेक तिथे नव्हतंच. अॅम्पमधून (आवाज मोठा करणाऱ्या पेटीतून) बाहेर येणाऱ्या आवाजापुरतं बोलायचं, तर आजची चांगली स्वस्त गिटार महागड्या गिटारच्या इतकी जवळ आली आहे की बँडमध्ये, ड्रम आणि बेस चालू असताना, तो फरक समोर बसलेल्या कुणालाही कळणार नाही. हातात मात्र फरक असतो, आणि तो खरा असतो. त्यातला मोठा भाग थोड्या खर्चात तुझ्याच गिटारमध्ये आणता येतो, म्हणून साठवलेल्या पैशांना अजून हात लावू नकोस. तू सांगितलेल्या दोन्ही तक्रारी लाकडाच्या नाहीत, जुळणीच्या आहेत.

आधी लाकडाचं बघू, कारण तुझ्या मित्राचा सगळा भर त्यावरच आहे. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. त्याच्यावर स्टीलची तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. ती वीज केबलमधून अॅम्पला जाते. या सगळ्यात पिकअपला फक्त तारेची हालचाल कळते. लाकूड त्या हालचालीतून जे काही थोडं शोषून घेईल, तेवढाच त्याचा वाटा. अॅम्प न लावता गिटार वाजवली की लाकूड पोटाला जाणवतं, दोन गिटारींत फरकही जाणवतो, ते मी नाकारत नाही. पण सिग्नल पुढे व्हॉल्यूमच्या पॉटमधून (बटणाखालच्या नियंत्रकातून), केबलमधून, प्रीअॅम्पमधून (अॅम्पच्या पहिल्या टप्प्यातून) जातो, त्यावर डिस्टॉर्शन (मुद्दाम आणलेली खरखर) चढतं आणि शेवटी तो बारा इंची स्पीकरमधून बाहेर पडतो. असा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज झपाट्याने कापून टाकतो. या वाटेवर लाकडाचा तो बारीकसा वाटा शिल्लक तरी किती राहणार?

इलेक्ट्रिक गिटारचा इतिहासही मित्राच्या बाजूने नाही. सुमारे १९४० मध्ये गिटारवादक लेस पॉल यांनी पाइनच्या चार इंची चौकोनी ओंडक्यावर पिकअप आणि तारा चढवल्या, आणि दिसायला गिटारसारखी वाटावी म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना एका गिटारचे कापलेले अर्धे भाग जोडले. पन्नासच्या दशकात डॅनइलेक्ट्रो कंपनी लाकडी चौकटीवर हार्डबोर्ड चिकटवून गिटारी बनवत होती आणि पिकअप बसवायला लिपस्टिकच्या धातूच्या नळ्या वापरत होती. अशी एक डॅनइलेक्ट्रो पुढे लेड झेपेलिनचा जिमी पेज मोठमोठ्या मंचांवर वाजवत होता. व्हॅन हॅलन बँडच्या एडी व्हॅन हॅलनने सत्तरच्या दशकात कारखान्यातून बाद झालेली पन्नास डॉलरची बॉडी आणि ऐंशी डॉलरचा नेक (गिटारची मान) घेतला, त्यात एका जुन्या गिब्सन गिटारचा पिकअप बसवला, आणि त्यानंतरची कित्येक वर्षं जगभरचे गिटारिस्ट त्या आवाजामागे धावले.

मित्राच्या हातातली गिटार नेमकी कोणती, ते तू लिहिलेलं नाहीस. ती फेंडर घराण्यातली असेल तर त्याला एक गोष्ट जरूर सांग. लिओ फेंडर यांनी १९५० च्या सुमारास टेलिकॅस्टर आणि १९५४ मध्ये स्ट्रॅटोकॅस्टर आणली, ती कारखान्यात भराभर बनावी आणि सहज दुरुस्त व्हावी अशीच. फळीतून कापलेली बॉडी, तिला चार स्क्रूंनी जोडलेला नेक. नेक बिघडला तर काढायचा, दुसरा लावायचा. रोज रात्री नाचगाण्याच्या कार्यक्रमांत वाजवणाऱ्या वादकांसाठी केलेलं ते कामाचं हत्यार होतं. ज्या रचनेचा जन्मच सोप्या उत्पादनासाठी झाला, ती इंडोनेशियातल्या कारखान्यात चांगली का बनू नये?

बनतेच. १९८२ मध्ये फेंडरने स्क्वायर या नावाने जपानमध्ये गिटारी बनवायला घेतल्या, त्या फुजिजेनच्या कारखान्यात. जपानी नकला मूळ कंपनीच्या तोंडचं गिऱ्हाईक पळवत होत्या, म्हणून कंपनीने जपानमध्येच बनवून घ्यायचं ठरवलं. स्वस्त म्हणून निघालेल्या त्या पहिल्या गिटारी आज संग्राहक शोधत फिरतात. यामाहाची पॅसिफिका १९९० पासून आहे, आणि सुरुवातीच्या वादकाला मी आजही तिचंच नाव सांगतो. इंडोनेशियात कॉर्ट या ब्रँडची मूळ कंपनी स्वतःच्या गिटारी बनवते आणि पीआरएस या अमेरिकन कंपनीची परवडणारी एसई मालिकाही तिच्याच कारखान्यात तयार होते. आता बॉडी आणि नेक संगणकावर चालणारं यंत्र कापतं. गिटारवर पुढे कोणाचं नाव लागणार, त्याप्रमाणे यंत्र आपली अचूकता कमीजास्त करत नाही. नेकची खाच सैल, ब्रिज (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग) वाकडा, बाराव्या फ्रेटवर सूर जुळतच नाही, अशा एकेकाळी स्वस्त गिटारच्या माथी हमखास असलेल्या गोष्टी त्यामुळे जवळपास संपल्या.

यंत्राकडून होणारं काम असं स्वस्त झालं, पण हाताने करावं लागणारं काम महागच राहिलं. फ्रेट्सची टोकं एकेक करून घासून गोल करणं, सगळे फ्रेट्स एका पातळीत आणून पुन्हा त्यांचे माथे वळवणं, नटची (नेकच्या वरच्या टोकाशी तारा ज्यावरून जातात त्या पट्टीची) प्रत्येक खाच त्या तारेच्या जाडीइतकीच आणि हव्या तेवढीच खोल कोरणं, फिंगरबोर्डच्या (फ्रेट्स बसवलेल्या फळीच्या) कडा बोटाला बोचणार नाहीत इतक्या मवाळ करणं. या कामांना वेळ लागतो, आणि स्वस्त गिटारमध्ये नेमका हाच वेळ वाचवलेला असतो. म्हणजे स्वस्त गिटार ही बहुतेक वेळा शेवटच्या काही तासांचं काम राहून गेलेली गिटार असते. ते राहिलेलं काम तू नंतर, वेगळे पैसे देऊन करून घेऊ शकतेस. महागातला महाग तानपुरा जवारी बिघडली असेल तर बोलत नाही आणि साध्या तानपुऱ्याची जवारी जाणत्या हाताने काढली तर तो गायला लागतो, तसंच हे आहे.

क्वीन बँडचा गिटारिस्ट ब्रायन मे याची गोष्ट मला यासाठीच महत्त्वाची वाटते. १९६३ पासून जवळपास दोन वर्षं खपून त्याने आणि त्याच्या वडिलांनी घरीच एक गिटार बनवली. नेक जुन्या शेकोटीच्या चौकटीतल्या महॉगनीचा, ट्रेमोलोच्या (दांडा दाबून सूर हलवणाऱ्या ब्रिजच्या) स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या इंजिनातल्या. साहित्य जवळजवळ फुकटचं, पण एकेका भागावर घातलेले श्रम अफाट. पुढची अनेक दशकं तो हीच गिटार वाजवत राहिला.

आता तुझ्या गिटारकडे वळू. बेंड घेतल्यावर सूर सुटतो म्हटल्यावर लोक लगेच ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या) बदलतात. माझा पहिला संशय नटवर असतो. तार जुळवताना नटपाशी बारीक ‘टिंग’ ऐकू येते का, ते बघ. येत असेल तर तार खाचेत अडकते आहे. बेंड घेताना ती ब्रिजकडे सरकते आणि पूर्ण परत येत नाही. तात्पुरता उपाय म्हणजे खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासणं. कायमचा उपाय म्हणजे खाच नीट कोरून घेणं, किंवा हाडाचा वा चांगल्या कृत्रिम पदार्थाचा नवा नट बसवणं. ट्यूनरवर तारेचे वेढे किती आणि कसे आहेत, तेही बघ. दोन-तीन घट्ट, एकाखाली एक बसलेले वेढे पुरतात. गबाळे, एकमेकांवर चढलेले वेढे हळूहळू सरकत राहतात. तुझ्या गिटारला तरंगता (बॉडीला न टेकणारा) ट्रेमोलो असेल आणि तू त्याचा दांडा वापरतच नसशील, तर मागच्या स्प्रिंगा आवळून ब्रिज बॉडीवर टेकवून टाक. अर्धी तक्रार तिथेच संपेल.

झणझण कुठून येते ते शोधायला तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाब आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यातली फट बघ. साधारण पाव मिलिमीटर फट हवी. अजिबात नसेल तर नेक अगदी सरळ किंवा मागे वाकलेला आहे, फार असेल तर पुढे. ट्रस रॉड (नेकचा वाक जुळवणारी आतली सळी) पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी फिरवायचा नाही. फिरवला की नेकला स्थिरावू द्यायचं आणि मग पुन्हा मोजायचं. नंतर बाराव्या फ्रेटवर तारेची उंची मोज. दीड ते दोन मिलिमीटरच्या दरम्यान बहुतेकांचा हात सुखाने चालतो. एवढं करूनही ठरावीक एक-दोन फ्रेट्सवरच झणझण राहिली, तर तेवढे फ्रेट वर आले आहेत. ते काम मात्र स्वतः करू नकोस, जाणकाराकडूनच करून घे. पिकअपही तारांच्या फार जवळ नाहीत ना, ते तपास. सिंगल कॉइलचे (तारेच्या एकाच वेटोळ्याच्या पिकअपचे) चुंबक जाड तारांना खेचतात आणि मग वरच्या पट्टीत एकाच सुरातून दोन सूर निघाल्यासारखं घाणेरडं कंपन ऐकू येतं. ते ऐकून लोक गिटारला दोष देतात, जेव्हा दोन स्क्रू फिरवण्याचं ते काम असतं.

हे सगळं झाल्यावर नव्या तारा चढव आणि मग बँडच्या तालमीत एक प्रयोग कर. मित्राची गिटार तुझ्या अॅम्पवर लाव, तुझी त्याच्या अॅम्पवर. मला खात्री आहे की आवाजाचा मोठा फरक गिटारबरोबर न जाता अॅम्पबरोबर जाईल. मग दोन्ही गिटारी एकाच अॅम्पवर, एकाच वादकाच्या हातून ऐका. आवाजाची पातळी अगदी सारखी ठेवा, कारण थोडी मोठी वाजलेली गिटार कानाला नेहमीच ‘चांगली’ वाटते. आणि पिकअपची जात सारखी आहे का ते आधी बघा. त्याच्या गिटारला हंबकर (दोन कॉइलचे पिकअप) असतील आणि तुझ्या गिटारला सिंगल कॉइल, तर तुलनेला अर्थच नाही. विजेची गुणगुण मारण्यासाठी दोन उलट्या कॉइल जोडण्याची सेथ लव्हर यांची कल्पना गिब्सनने १९५७ मध्ये गिटारींत आणली, आणि त्या पिकअपचा आवाज मुळातच जाड, गोलाकार असतो. हा फरक किमतीचा नाही. स्वस्त हंबकर आणि महाग सिंगल कॉइल यांच्यातही तो तसाच ऐकू येईल.

महागड्या गिटारचं श्रेय मात्र मला कमी करायचं नाही. चांगल्या कारागिराने पूर्ण केलेला नेक हातात आला की हात आपोआप पुढे सरकतो, आणि ज्या वाद्यावर हात सुखावतो ते रोज अर्धा तास जास्त वाजवलं जातं. याची किंमत मी मोठी मानतो. ट्रेमोलोचा ठोकळा आणि सॅडल (ब्रिजवर प्रत्येक तार टेकते ते तुकडे) जस्ताच्या मिश्रधातूऐवजी स्टीलचे असतात. स्विच, पॉट आणि जॅक दर आठवड्याच्या कार्यक्रमांत वर्षानुवर्षं टिकतात, तर स्वस्त गिटार सगळ्यात आधी दगा देते ती याच तीन ठिकाणी. लाकूड वजनाने हलकं निवडलेलं असतं, आणि दोन तास उभं राहून वाजवणाऱ्याच्या खांद्याला त्याचं मोल कळतं. शिवाय महागड्या गिटारींत एकाच मॉडेलचे दोन नग सहसा सारखे निघतात. स्वस्तात एक नग उत्तम आणि शेजारचा कामचलाऊ असं होतं, म्हणून स्वस्त गिटार हातात घेऊनच निवडावी. विकायला काढली तर महागडी गिटार बरीच किंमत परतही देते.

पण त्या दहापट किमतीत आणखीही बरंच काही असतं. मजुरी, नाव, नक्षीदार मेपल, आठवडे सुकवावं लागणारं नायट्रोचं पॉलिश, दुर्मीळ लाकूड. ब्राझिलियन रोजवुडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून कडक बंधनं आहेत, त्यामुळे त्याच्या फिंगरबोर्डची किंमत दुर्मीळतेची असते, सुरांची नसते. किंमत वाढली म्हणून दोष जातात असंही नाही. गिब्सनच्या लेस पॉल या मॉडेलचा हेडस्टॉक (ट्यूनर बसवलेलं टोक) १७ अंशांनी मागे झुकलेला असतो, आणि तो जिथे नेकला मिळतो तिथेच ट्रस रॉड फिरवायच्या नटासाठी लाकूड पोखरलेलं असतं. स्टँडवरून पडली की ती नेमकी तिथे मोडते. शिवाय डी आणि जी या तारा तारांच्या नटमधून तिरक्या जातात, त्यामुळे ‘जी’ची तार सूर सोडते ही त्या गिटारची कायमची तक्रार आहे. तुझ्या गिटारचा हेडस्टॉक सरळ असल्याने हे दोन्ही त्रास तुला नाहीत. मित्राला हे ऐकवून दाखव असं माझं म्हणणं नाही, पण तुला माहीत असलेलं बरं.

आता पैशांचं. तुझ्या पत्रात अॅम्पबद्दल एक शब्दही नाही, आणि मला काळजी वाटते ती त्याचीच. सरावासाठी घेतलेला छोटा अॅम्प अजून वापरत असशील, तर साठवलेल्या पैशांतला पहिला मोठा वाटा चांगल्या अॅम्पला किंवा चांगल्या मॉडेलरला (वेगवेगळ्या अॅम्पचा आवाज डिजिटल पद्धतीने देणाऱ्या यंत्राला) दे. आवाज तिथे घडतो. त्याआधी गिटारचा पूर्ण सेटअप (वर सांगितलेली सगळी जुळणी) आणि गरज असेल तर फ्रेट्सचं काम करून घे. ब्रिजजवळचा पिकअप अजूनही पातळ आणि टोचरा वाटला तर तो एक बदल. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे कशाने काय झालं ते कानाला कळतं.

मग दोन-तीन महिने नियमित वाजव. त्यानंतरही हात दुसऱ्या नेककडे ओढ घेत असेल, नेक जाड हवा, स्केल (नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी) छोटी हवी, वजन कमी हवं असं काही नेमकं सांगता येत असेल, तर नवी गिटार आनंदाने घे. स्केलचा फरक कमी समजू नकोस. फेंडरची साडेपंचवीस इंच आणि गिब्सनची पावणेपंचवीस, एवढ्याशा फरकाने छोट्या स्केलवर तारा मऊ लागतात आणि बेंड वेगळा होतो. घेताना थेट सर्वांत वरच्या पायरीवर उडी मारू नकोस. स्वस्त आणि प्रीमियम यांच्या मधल्या गिटारी मला सर्वांत प्रामाणिक वाटतात, कारण हाताचं काम त्यांत आलेलं असतं आणि नावाचा भार अजून फार चढलेला नसतो. चांगल्या अवस्थेतली वापरलेली मिळाली तर आणखी उत्तम. दुकानात आधी अॅम्प न लावता वाजव, प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट दाबून बघ, पंधराव्या फ्रेटपुढे मोठे बेंड घेऊन सूर मरतो का ते ऐक, आणि पट्टा लावून अर्धा तास उभी राहा. मित्र म्हणतो म्हणून किंवा मंचावर नाव दिसावं म्हणून घेणार असशील, तर घेऊ नकोस. त्या समाधानाला आवाज नसतो, आणि पुढच्या वर्षी ते आणखी महाग गिटार मागतं.

जुनी विकू नकोस. स्वस्त गिटारवर केलेल्या कामाचे पैसे विकताना परत येत नाहीत, आणि आता ती तुझ्या हाताला बसलेली गिटार असेल. कार्यक्रमात ती स्टँडवर सुरात जुळवून तयार ठेव. तरंगत्या ब्रिजवर एक तार तुटली की उरलेल्या पाचही सूर सोडतात, आणि गाणं चालू असताना दुसरी गिटार उचलणं हाच एक मार्ग उरतो. खालच्या पट्टीतल्या गाण्यांसाठी तिच्यावर जाड तारा चढवून ठेवल्यास तरी चालेल. फक्त जाड तारांसाठी नटच्या खाचा पुन्हा रुंद कराव्या लागतील आणि नेकचा वाकही नव्याने जुळवावा लागेल, हे सेटअप करणाऱ्याला आधीच सांगून ठेव. आणि काढलेला मूळ पिकअप, मूळ नट आणि त्यांचे स्क्रू एका डबीत जपून ठेव.